विहिरीतली शर्यत

घनसावंगीजवळच्या आपल्या विहिरीवर कल्याणकाका उन्हाळ्यात पोरांना पोहायला शिकवायचे. रविवारी शर्यत लावायचे. एकदा नाहिद सगळ्यांच्या पुढं होती. पण मागं शीतल गटांगळ्या खाताना दिसली, तशी ती वळली आणि तिला पायऱ्यांपाशी घेऊन आली. तोवर तौफिक पोचला. काकांनी त्याचाच हात वर केला.

"काका, मंग मी हरले का?"

"हरलीस. शर्यतीत मागं बघायचं न्हाई, बेटा."

पुढच्या रविवारी शीतलच्या नाकातोंडात पुन्हा पाणी गेलं. एकही पोर वळलं नाही. काकांनीच उडी मारून तिला बाहेर काढलं.

पहिली आलेली नाहिद शाबासकीची वाट बघत पायरीवर उभी होती. काकांना तिच्याकडं बघवेना. शर्यती त्यांनी बंद केल्या, पण तिला काय सांगावं ते उन्हाळा संपेपर्यंत सुचलं नाही.