चार नंबरचं बोअर

रविवारी दुपारी वहिनीच्या शिवणखोलीत एकोणीस माणसं कोंबून बसली होती आणि पेटीवाला सोडला तर त्यातल्या एकालाही दगडातलं ओ की ठो कळत नव्हतं. वेल्डर होता, बसचा ड्रायव्हर होता, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या. सगळ्यांकडे एकाच लहान खाणकंपनीचे शेअर. कुणाचे दोनशे, कुणाचे चार हजार. कंपनीकडे दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती, लिथियमच्या डोंगरातला अर्धा हिस्सा. उरलेला अर्धा भागीदार असलेल्या एका बड्या कंपनीचा. आता ती बडी कंपनी म्हणत होती, तुमचाही अर्धा आम्हाला विकून मोकळे व्हा. भाव असा, की माणसांनी घातलेले पैसे सुटतील आणि वर थोडं हातात पडेल.

विक्रीला बारा आणे मतं लागणार होती आणि ही फुटकळ मंडळी मिळून चार आण्यांपेक्षा जरा जास्तच होती. यांनी नाही म्हटलं की व्यवहार बोंबलला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मोठं माणूस यांच्या होकाराची वाट बघत होतं, आणि ती नशा सगळ्या खोलीला चढली होती.

वहिनी मशीनपाशी बसली होती. आपापलं मत टाकायचा अधिकार बहुतेकांनी तिला लिहून दिला होता, कारण तिला कंपनीचे कागद वाचता येत आणि ती कुणाच्या बापाला भीत नसे. विकायचं नाही, हे तिनेच ठरवलं होतं. चार नंबरच्या बोअरमध्ये अकरा मीटर जाडीचा थर आहे, अहवालात छापलंय, मग हा माल मातीच्या भावात का द्यायचा, असं ती म्हणाली की माना डोलायच्या.

तिचा धाकटा दीर दाराशी कापडाच्या गठ्ठ्यावर बसला होता. त्यालाच सगळे पेटीवाला म्हणत. डोंगरात बोअर मारताना मनगटाएवढ्या जाड दगडी कांड्या वर येतात. त्या ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने पेटीच्या खाचांत मांडायच्या आणि मधे मधे खोलीचा आकडा लिहिलेले लाकडी ठोकळे ठेवायचे, हे त्याचं काम. वीस वर्षं तो हेच करत आला होता.

"विकून टाका," तो म्हणाला.

सगळ्या माना दाराकडे वळल्या. मग वेल्डरने विचारलं, "काय पेटीवाले, किती दिले त्यांनी?" लोक हसले. ड्रायव्हर म्हणाला, दारात नवी मोटारसायकल दिसली नाही अजून, म्हणजे हप्त्याहप्त्याने देणार असतील. बाईंनी त्याला लहानपणी शिकवलं होतं. त्यांनी शांतपणे आठवण करून दिली की गणितात तो पहिल्यापासून कच्चाच. पुन्हा हशा. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते तोंडातून काढलं असतं तर तिथे बसलेला प्रत्येक जण रस्त्यावर आला असता.

सगळे गेल्यावर तो वहिनीसमोर स्टूल ओढून बसला आणि नऊ वर्षांपूर्वीची संध्याकाळ त्याने तिला सांगितली. चार नंबर आणि नऊ नंबर, दोन्ही बोअरच्या पेट्या एकाच ट्रकने खाली येत होत्या. चढावाच्या वळणावर दोर तुटला. पेट्या रस्त्यावर आपटल्या, ठोकळे गटारात गेले, कांड्यांचा खच पडला. सकाळी भूगर्भवाले साहेब तपासायला यायचे होते. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती आणि दोन्ही बोअर पुन्हा मारायला लागली असती. तेव्हा तो कंदील घेऊन शेडमध्ये बसला आणि तुटलेल्या तोंडाला तोंड जुळवत राहिला. निम्म्या कांड्या जुळल्या. उरलेल्या त्याने अंदाजाने लावल्या. लिथियमचा पांढरट हिरवा दगड थोडासा चार नंबरमध्ये नक्की होता, म्हणून तसल्या सगळ्याच कांड्या त्याने चार नंबरच्या पेट्यांत घातल्या. साहेब आले, बघून खूश झाले. अकरा मीटर.

वहिनी बराच वेळ कापडावरचा खडू नखाने खरवडत राहिली.

"तुमच्या दादांनी नोकरी सुटल्याचे सगळे पैसे त्या अकरा मीटरवर लावले, भावजी."

"माहीत आहे."

"तेव्हा तुम्ही आमच्याच घरात राहायचात. ते मला हिशोब समजावून सांगायचे आणि तुम्ही समोर जेवत असायचात."

दादा जाऊन चार वर्षं झाली होती. मग तिने विचारलं, चार नंबरमध्ये खरं आहे तरी काय. तो म्हणाला, तेच तर कुणाला ठाऊक नाही. असेल अकरा मीटर, नसेल दोनही. मग सगळ्यांना बोलावून सांगा, ती म्हणाली. त्याने समजावलं की एकोणीस जणांना सांगितलं तर अंधार पडायच्या आत ते बड्या कंपनीच्या कानावर जाईल. ते देऊ केलेला भाव मागे घेतील आणि शेअरचे कागद चुलीत घालायच्या लायकीचे होतील.

वहिनीने खडू खाली ठेवला. "म्हणजे आता तुम्ही गप्प बसलात तरच सगळ्यांचं भलं. छान सोय झाली तुमची."

सभा भाड्याच्या हॉलमध्ये होती. पहिल्या दोन रांगांना गादीच्या खुर्च्या, मागे सगळ्या प्लास्टिकच्या. अध्यक्षांना कुठेतरी पोचायचं होतं, ते सारखे घड्याळ बघत होते. मतांची वेळ आली तेव्हा वहिनी उठली, पुढे गेली आणि हातातले सगळे कागद 'होय'च्या पेटीत टाकून परत आली. नियमाने तिचं काही चुकलं नव्हतं. कसं मत टाकायचं हे कागदावर कुणीच लिहिलं नव्हतं, विश्वास होता ना.

आधी कुणाला समजलंच नाही. समजलं तेव्हा वेल्डर तिच्या अंगावर धावून गेला आणि ड्रायव्हरने त्याला मागून धरलं. धरता धरता तोही तिला शिव्या देत होता. विधवा बाईला कोण कसं विकत घेतं, इथपर्यंत मजल गेली. बाई ओरडल्या नाहीत. त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, माझं शिवायला टाकलेलं कापड उद्या परत पाठव. पेटीवाला शेवटच्या रांगेत बोलायला उभा राहिला होता. वहिनीने त्याच्याकडे एकदाच बघितलं. तो खाली बसला.

महिन्याभरात पैसे सगळ्यांच्या खात्यात आले. त्या पैशांवर थुंकणारा एकही निघाला नाही. वेल्डरने पत्रे बदलले, ड्रायव्हरने मुलीची फी भरली आणि दोघेही वहिनीला बघून रस्ता बदलू लागले. शिवणखोलीत नवं काम येणं बंद झालं. ज्यांनी टाकलं होतं त्यांनी अर्धवट कापलेलं तसंच उचलून नेलं.

पेटीवाल्याला बड्या कंपनीने कामावर ठेवलं, कारण शेडमधलं कुठलं काय हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात त्यांनी चार नंबरला लागूनच, दोन पावलांवर नवं बोअर मारलं. कांड्या वर येत होत्या आणि तो एकेक पुसून खाचेत ठेवत होता. एकसष्ट मीटरपर्यंत काळा दगड. बासष्टपासून तोच पांढरट हिरवा. त्याने ठोकळा ठेवला. पुढची कांडी पांढरी. पेटी भरली, दुसरी घेतली. अकरा मीटर झाले तरी पांढराच येत होता, मग बारा, मग चौदा. भूगर्भवाल्याने शीळ घातली आणि सगळ्या कामगारांकडून एका कागदावर सह्या घेतल्या की इथलं बाहेर बोलायचं नाही. पेटीवाल्याने सही केली. हात धुवायला तो नळाशी गेला आणि पाणी बंद करायचं विसरून तिथेच उभा राहिला. नऊ वर्षांपूर्वीचा त्याचा अंदाज बरोबर होता. तो मूग गिळून बसला असता तरी चाललं असतं. तोंड उघडलं तेच नडलं.

काम सुटल्यावर तो वहिनीकडे गेला. ती स्वतःचेच जुने पडदे उसवत बसली होती, हाताला चाळा म्हणून.

"मारलं का चार नंबर?"

"मारलं."

"मग?"

त्याने तिच्याकडे बघितलं. तीन महिन्यांत ती वाळून काठी झाली होती. खरं काय ते सांगायचं, हे वाटेत ठरवलेलं त्याने तिथेच सोडून दिलं.

"काही नाही हो. दीड मीटर. तेही तुटक तुटक."

वहिनीच्या हातातली कात्री मांडीवर पडली. ती भिंतीला टेकली आणि तिने डोळे मिटून घेतले. "म्हणजे वाचली सगळी," ती म्हणाली. "मला वाटायचं, भावजी, चुकून खरंच जाडी निघाली तर मी यांना जन्मभर काय तोंड दाखवू?"

ती उठली, तोंडावर पाणी मारलं, केस नीट बांधले. कित्येक दिवसांनी तिचा आवाज पहिल्यासारखा खणखणीत झाला होता. पैसे सगळ्यांचे मिळाले, कागद पक्के झाले, आता सांगायला कसली चोरी, असं ती चपला शोधता शोधता म्हणत होती. आधी बाईंकडे जायचं, मग वेल्डरकडे.

"आज नको," तो म्हणाला.

"आज नाही तर कधी? तुम्हीही चला. तुमच्या तोंडून ऐकलं की पटेल त्यांना."

तो उंबऱ्यापाशी उभा होता. तिने बाहेरून कडी हातात धरली होती आणि त्याच्या निघण्याची वाट बघत होती.

"चला, येतो," तो म्हणाला.