उरलेल्या दोघांची संमती

पाइक बेंड गावात मूत्रपिंडाचा कर्करोग किती जणांना झाला आहे, एवढंच मार्लिस हाउगेनने राज्याच्या आरोग्य खात्याला विचारलं होतं. त्यातली एक ती स्वतः होती. त्यामुळे मोजणी एकापासून सुरू करायला हरकत नव्हती. खात्याची मात्र तिथपासूनच हरकत होती.

आकडा खरं तर तिच्या मुलीला हवा होता. क्रिस्टा सिएटलला राहायची, तिला पाचवा महिना होता, आणि नवऱ्याला घेऊन गावी परत यायचं तिच्या मनात होतं. मार्लिसने वरच्या खोल्यांना रंगही देऊन घेतला. मग कुणीतरी क्रिस्टाला बंद पडलेल्या कागद गिरणीचं सांडपाणी साठलेल्या तळ्याविषयी सांगितलं.

"तू म्हणशील घाबरण्यासारखं काही नाही," ती फोनवर म्हणाली. "तुझं ऑपरेशन ठरलं तेव्हाही हेच म्हणाली होतीस. मला सरकारी आकडा दाखव, आई. मग सामान बांधते."

मार्लिसने सगळी नोकरी शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात घालवली होती. आकडा लहानच निघेल आणि लेक घरी येईल, याची तिला खात्री होती. तिने अर्ज केला.

खात्याचं उत्तर फार अदबीने आलं. दहाच्या आतला आकडा देता येत नाही, कारण रुग्ण इतके थोडे असले की एखाद्याची ओळख पटू शकते, आणि रुग्णांचा खासगीपणा जपणं हे खात्याचं पहिलं कर्तव्य आहे. म्हणजे गावात आणखी काही माणसं आजारी पडली असती, तर खात्याने आनंदाने माहिती दिली असती.

"मग पाटी लावू या," तिचा नवरा ड्युएन म्हणाला. "रुग्ण पाहिजेत. अनुभवाची अट नाही."

पाइक बेंडमध्ये खासगीपणा ही वस्तू खात्याच्या पत्रातूनच पहिल्यांदा आली असावी. शहरातल्या डॉक्टरकडून आलेला माणूस अंगातला कोट काढून ठेवतो न ठेवतो, तोच दारात हॉटडिश हजर होते: काचेच्या भांड्यात खिमा, मश्रूमचं सूप, वर बटाट्याचा थर, आणि भांडं परत मिळावं म्हणून बुडाला चिकटपट्टीवर नाव. मार्लिसच्या वेळी इतकी भांडी आली की ड्युएनला तळघरातला फ्रीजर रिकामा करावा लागला. चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना झाली तेव्हा पास्टरनी मूत्रपिंड डावं की उजवं तेही सांगितलं, देवाचा घोटाळा होऊ नये म्हणून. आता हे सगळं राज्य सरकार जिवापाड जपत होतं.

तिने अपील केलं. त्यावर मिस टॅल्मेज नावाच्या बाईंचा फोन आला. त्या खात्यात लोकांच्या खासगीपणावर देखरेख करत. त्यांनी समजावून सांगितलं की, संबंधित सर्व रुग्णांनी लेखी संमती दिली तर आकडा देण्याचा विचार होऊ शकेल. संबंधित रुग्ण कोण, असं मार्लिसने विचारलं. ते गोपनीय होतं. तिने स्वतः शोधून काढले तर खात्याची काही तक्रार नव्हती.

शोधायला तिला चर्चच्या तळघरातली एका रविवारची कॉफी पुरली. म्हाताऱ्या ओरव्हिल सेदरने सही करताना म्हटलं की आपलं मूत्रपिंड सगळ्या गावाला पाठ आहे, राज्याने तरी का मागे राहावं. मार्लिस धरून पाच जण भरले. सहावा कुणी नाही, यावर गावाचं एकमत झालं. पाचांतले तिघे ऐंशीच्या पुढचे होते. या वयात असं होतं, असं म्हणून सोडून देता येण्याजोगा आकडा होता तो. तिने पाचही संमतिपत्रं पाठवून दिली आणि पाळण्याची चौकशी सुरू केली.

बरेच दिवस काही कळलं नाही, तेव्हा तिने मिस टॅल्मेजना फोन लावला.

"पाचही संमतिपत्रं अगदी व्यवस्थित आहेत, मॅडम," त्या म्हणाल्या. "पण अर्ज अपूर्ण आहे. उरलेल्या दोघांची आली की मी लगेच पुढे पाठवते."

मार्लिसने समोरच्या पाकिटावर पाचाखाली दोन लिहिले.

"म्हणजे सात."

"आकडा मला सांगता येत नाही, मॅडम."

"पाच आणि दोन."

"बेरीज तुमची आहे. खात्याने केलेली नाही."

"आणि ते दोघे कोण?"

"त्यांची ओळख गुप्त ठेवणं हेच तर आमचं काम आहे," मिस टॅल्मेज जरा दुखावल्या स्वरात म्हणाल्या.

मार्लिसने हे फक्त ड्युएनला सांगितलं. ड्युएनने फक्त ओरव्हिलला सांगितलं. दोन दिवसांत गाव कामाला लागलं. पशुखाद्याच्या दुकानातल्या लार्सने बियर सोडल्यामुळे त्याचं वजन उतरलं होतं, त्याच्याकडे तीन हॉटडिश गेल्या. दातांसाठी शहरात खेपा घालणाऱ्या ग्रंथपाल बाईंकडे दोन. सगळ्यांनी आभार मानून ठेवून घेतल्या, कारण तिथे हॉटडिश कुणी नाकारत नाही. त्यामुळे खाणाऱ्यांत खरोखरचे दोघे होते की नाही, हेही कळायला मार्ग उरला नाही.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये कोण कसं बसतं, कोण पाठीला हात लावतं, हे आपणही पाहत आहोत, हे मार्लिसच्या ध्यानात आलं. तिने नजर खाली घातली. पण डोकं थांबेना. म्हातारी माणसं आजार लपवत नाहीत, मिरवतात. लपवतात ती ज्यांना नोकरी टिकवायची आहे, ज्यांची मुलं शाळेत आहेत. या दोघांच्या बाबतीत वयावर ढकलून मोकळं होता येणार नव्हतं.

त्याच संध्याकाळी क्रिस्टाचा फोन आला. आकडा मिळाला का, असं तिने विचारलं.

"खात्याने द्यायला नकार दिला," मार्लिस म्हणाली. शब्दन् शब्द खरा होता. नकार देणं इतकं सोपं असतं, हे तिला नवीनच कळत होतं.

"ते जाऊ दे. तुला काय माहीत आहे?"

वरच्या खोल्यांच्या रंगाचा वास अजून जिन्यापर्यंत येत होता.

"आई?"

"सात," ती म्हणाली. "आणि त्यातले दोघे तरुण असावेत, असं मला वाटतं. तू येऊ नकोस."

मग क्रिस्टाने अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि तुम्ही दोघं? तुम्ही तिथेच राहणार?"

हे मार्लिसने ड्युएनला विचारलं नव्हतं, स्वतःलाही नाही. ड्युएन स्वयंपाकघरात होता. तिने त्याला हाक मारली आणि फोन त्याच्या हातात दिला.