उंटाच्या पायातला दोर

थोरल्याच्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी घर खायला उठलं, म्हणून तो संध्याकाळच्या प्रौढांच्या वर्गात जाऊन बसला. दोघे भाऊ उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवायचे. दोरांवर टांगलेल्या फळीवर बसून काम. बापाने घालून दिलेला नियम एकच: कंबरेचा दोर आपला आपण बांधायचा नाही. तो भावाने बांधायचा, हिसका देऊन बघायचा, मगच कठड्यापलीकडे पाय टाकायचा. आपली गाठ आपल्याला नेहमी पक्कीच वाटते, असं बाप म्हणायचा.

वर्गात बाईंनी एकदा फळ्यावर ‘अक्कल’ लिहिलं. म्हणाल्या, हा शब्द अरबीतून आला. त्याच्या मुळाशी बांधणं आहे. उंट भरकटू नये म्हणून त्याचा पाय दोराने बांधतात, तसं. थोरल्याला हे इतकं पटलं, की घरी पोहोचेपर्यंत तो तेच घोळवत राहिला.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर डबे उघडले तेव्हा त्याने ते सगळ्या रंगाऱ्यांना सांगितलं आणि धाकट्याच्या कंबरेवर थाप मारून म्हणाला, “बघा, याची अक्कल रोज मी बांधतो.”

“म्हणजे मी उंट?” धाकट्याने विचारलं.

“कुबड यायला लागलंयच की!” कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

“दादाला म्हातारपणी अक्कलदाढ फुटली. चार अक्षरं काय शिकला, सख्ख्या भावाला जनावरात काढलं,” धाकटा म्हणाला.

“अरे, गंमत केली.”

“गंमत घरी कर. चारचौघांत नको.”

जेवणं उरकल्यावर थोरला दोर घेऊन आला, तर धाकट्याने तो हातातून ओढून घेतला. “उंट आपला आपण बांधून घेईल.” एक टोक कंबरेला आणि दुसरं टाकीच्या नळाला बांधून तो कठड्याकडे निघाला. थोरला हिसका द्यायला पुढे झाला. मागून कुणीतरी जनावर हाकल्यासारखं “हुर्र, हुर्र” केलं. आता दोराला हात लावला तर धाकट्याची आणखी शोभा होईल, असं थोरल्याला वाटलं. तो मागे फिरला आणि बादलीतला रंग ढवळत बसला.

थोड्या वेळाने फळीचा एक दोर तुटला. धाकट्याची गाठ सुटली नाही. नळच बुडाशी गंजलेला होता, तो उपटून आला.

दवाखान्यात धाकट्याच्या बायकोने विचारलं, “दादा, दोर कुणी बांधला होता?”

“त्यानेच.”

“काहीतरीच काय! तुम्ही असताना ते कशाला बांधतील?”

थोरला बोटांवरचा वाळलेला रंग नखाने खरवडायला लागला. ती त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मग तीच बाकावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

धाकटा पावसाळा सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी, दुपारी, त्याच दवाखान्यात वारला.