उंदीर शिकले

मुलांनो, समजा, तुमचा हात तुमच्यावर रुसलाय. घास तोंडाशी नेता येत नाही. पण तो जरा नीट हलला, की कुणीतरी मानेतली एक नस हळूच डिवचतं आणि मेंदूला निरोप जातो, ‘शाब्बास, हे लक्षात ठेव.’ असं रोज होत गेलं, तर मेंदू आपल्या आत नवी वाट पाडतो.

मुंगी नावाच्या एका मुलीची आई प्रयोगशाळेत हेच काम करायची. पंजा लुळा पडलेल्या उंदराने दांडी दाबली, की मानेत विजेचा बारीकसा झटका. नर भराभर शिकले. माद्या मात्र ढिम्म. झटका निम्मा केला, तेव्हा कुठे त्यांचे पंजे हलले. त्या संध्याकाळी आईने घरी येऊन मुंगीला सगळं सांगितलं आणि तिला उचलून गिरकीच मारली.

आईच्या साहेबांना ते रुचलं नाही. "उंदरिणींचं लचांड हवंय कशाला? त्यांना वगळा. निकाल कसा स्वच्छ दिसेल."

प्रयोगशाळेच्या भिंतीवर मोठा तक्ता लागला: ‘उंदीर शिकले’. खाली झटक्याचं माप, मग साहेबांचं नाव, त्याखाली आईचं.

"आणि उंदरिणी?" मुंगीने विचारलं.

"उंदीर म्हटलं की त्यात त्याही आल्या," आई म्हणाली. मुंगीकडे न बघता.

पुढे मावशीचा, म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीचा, उजवा हात लुळा पडला. ती शिवणकाम करायची. दवाखान्यात तिच्या मानेत तसंच यंत्र बसवलं. झटका तक्त्यातलाच, नरांवर ठरवलेला. हात काही वळेना.

"जन्मभर लोकांची बटणं लावली," वाटीतलं बटण चिमटीत धरायला धडपडत मावशी म्हणाली, "आता बटणच मला कामाला लावतंय."

बटण निसटून जमिनीवर घरंगळलं. मावशीचं हसू मावळलं. "उद्या डॉक्टर बघणार. फरक नसला तर यंत्र काढून टाकतील. म्हणतात, बाई अंग चोरतात."

मुंगीने आईकडे पाहिलं. आता तरी आई बोलेल.

आईने बटण उचललं, फुंकर मारली आणि वाटीत टाकलं. "ताई, जरा मन लावून कर ना गं."

"करते गं बाई," मावशी पुटपुटली आणि पुन्हा वाटीवर वाकली.

मुंगीने वाटी बाजूला सरकवली. आईकडे पाठ करून ती मावशीच्या पुढ्यात मांडी घालून बसली.

"मावशी," ती म्हणाली, "तुला उंदरिणींचं सांगायचंय."