आदिनाथचं काम

बुद्धभूषणनं निशाला जनरेटरच्या मागं बोलावलं, तेव्हाच तिला वाटलं की काहीतरी बिनसलंय. एरवी तो जे काही असेल ते सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सिनेमाचा मुहूर्त होता, दिग्दर्शक तोच. दौलताबादच्या अलीकडच्या माळावर खोपटं उभं राहिलं होतं, चूल धुरानं काळी करून झाली होती, आणि पलीकडं नायक होणाऱ्या आदिनाथच्या आईची, बानाबाईची, मेंढरं चरत होती.

"पुण्याहून फोन होता," बुद्धभूषण म्हणाला. "निर्मात्यांना नायक ओळखीचा पाहिजे. मालिकेत काम करणारा एक जण तयार झालाय. संध्याकाळी पोचतोय."

"आणि आदिनाथ?"

"त्याला छोटं काहीतरी देऊ. नायकाचा मित्र वगैरे. तू सांग त्याला. तुझं ऐकतो तो."

निशा आणि तो उस्मानपुऱ्यात एकाच गल्लीत वाढले होते, नाटक एकत्र शिकले होते. सिनेमाची गोष्टही दोघांनी मिळून लिहिलेली: धनगराचा पोरगा, घरी मेंढरं, आणि पोटासाठी वाळूजचा कारखाना. असा पोरगा शोधत निशा कितीतरी संध्याकाळी वाळूजच्या रस्त्यावर उभी राहिली होती. एकदा शिफ्टच्या बसमधून आदिनाथ उतरला. एक कुत्रं भुंकत त्याच्या अंगावर धावून गेलं, तर यानं जीभ टाळूला लावून असा काही आवाज काढला की कुत्रं गुपचूप खाली बसलं. निशा तिथल्या तिथं त्याच्याशी बोलायला गेली होती.

त्याला राजी करणं मात्र सोपं गेलं नाही. कारखाना एवढी मोठी रजा देईना. "नोकरी परत मिळेल, सिनेमा परत मिळणार नाही," असं निशाच म्हणाली होती. त्यांच्याच ओट्यावर बसून, बानाबाईनं दिलेलं ताक पीत. त्यानं नोकरी सोडली.

"मी नाही सांगणार," ती आता म्हणाली. "त्याला मी आणलं, पण काढतोयस तू. तूच सांग. मी शेजारी उभी राहीन."

"निशा, हा सिनेमा बुडाला तर तुला-मला पुन्हा कोण विचारणार आहे? आपल्या घरादारात कुणी कॅमेऱ्याला हात तरी लावला होता का?" त्याचा आवाज चिरकला. "मला काय हौस आहे?"

ते खरं होतं. म्हणूनच तिला जास्त राग आला.

आदिनाथ खोपटासमोर बसून पुटपुटत संवाद पाठ करत होता. अंगात सिनेमातला सदरा, शेजारी आई. सगळ्यांसाठी म्हणून बानाबाईनं भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता. बुद्धभूषणनं लांबून सुरुवात केली. आदिनाथच्या मेहनतीचं कौतुक केलं, निर्मात्यांची अडचण सांगितली, आणि शेवटी एकदाचं मुद्द्याचं बोलला.

आदिनाथला पहिल्यांदा कळलंच नाही. मग तो उभा राहिला. "सर, माझं काय चुकलं?"

"काहीच नाही रे."

"कालचं बोलणं कमी पडलं का? पुन्हा करून दावू?" आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं सुरुवात केली. बापाशी भांडतानाचा तो लांबलचक प्रसंग, एकही शब्द न चुकता. दिवे लावणारी माणसं हातातलं काम सोडून बघायला लागली. निशाला ते सहन होईना.

"आदिनाथ, थांब. तुझं काही चुकलं नाही. तुला कुणी ओळखत नाही, एवढंच."

"चुकलं असतं तर बरं झालं असतं, ताई," तो म्हणाला. "सुधारता आलं असतं."

बुद्धभूषणनं खाली बघितलं. तेवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण तो पुढं म्हणाला, "एक विनंती आहे. नव्या कलाकाराला मेंढरांची सवय नाही. काठी कशी धरायची, हाक कशी घालायची, तेवढं त्याला शिकवशील?"

आदिनाथनं मान हलवली. "शिकवतो की."

निशा मधे पडणार होती. पण उठली ती बानाबाई.

"काय शिकवतो? काठी माझ्या लेकराची, मेंढरं माझी, आन तोंड दुसऱ्याचं? नाय जमायचं."

"मावशी, मेंढरांचं आपलं आधीच ठरलंय," बुद्धभूषण घाईनं म्हणाला.

"ठरलं व्हतं ते ह्याच्यापायी. हा नाय, तर मेंढरं बी नाय."

"आई, जाऊ दे. एवढ्या लोकांचा खोळंबा व्हईल," आदिनाथ म्हणाला.

"व्हऊ दे."

तिनं काठी उचलली आणि हाक घातली. माळावर पांगलेली मेंढरं माना वर करून तिच्याकडं वळली. बुद्धभूषण आडवा गेला, हात जोडले, नव्या कलाकाराला नकार कळवतो असं मात्र एकदाही म्हणाला नाही. कळप त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेला.

पुढं वेरूळचा रस्ता होता आणि गाड्यांची रांग लागलेली. निशा धावत पुढं गेली, रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभी राहिली. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, शिव्या देत होते. ती हलली नाही. शेवटचं कोकरू बानाबाईनं काखोटीला मारलं, तेव्हा कुठं निशानं हात खाली घेतला.

पलीकडं जाऊन आदिनाथनं सदरा काढला आणि घडी घालून निशापुढं धरला. बोचऱ्या वाऱ्यात तो नुसत्या बनियनवर उभा होता. "हा तुमचा. तू जा माघारी, ताई. तुझा बी सिनेमा हाय."

"आदिनाथ, नोकरी सोड म्हणायला नको होतं मी. माझं चुकलं."

ती वाट बघत राहिली, तो असू दे म्हणेल याची.

"व्हय," तो म्हणाला, आणि मेंढरांमागं चालू लागला.

निशानं परत जाऊन सदरा कपड्यांच्या पेटीत ठेवला आणि आपली पिशवी उचलली. "आत्ता? आज?" एवढंच बुद्धभूषण म्हणाला. ती रस्त्याकडं चालू लागली.

मुहूर्त पुढं ढकलला गेला. कन्नडकडून दुसरी मेंढरं आली आणि शूटिंग सुरू झालं. त्या दिवसांत निशा आदिनाथला स्कूटीवर घेऊन वाळूजमध्ये एकेका गेटवर फिरत होती. जुन्या कारखान्यानं घेतलं नाही. शेवटी ठेकेदारामार्फत एका ठिकाणी पॅकिंगचं काम लागलं, तेही रोज रात्रपाळीचं. जाता-येता तो फारसं बोलायचा नाही. सेटबद्दल तर एकदाही विचारलं नाही.

महिन्याभरानं बुद्धभूषणचा फोन आला.

"नवा पोरगा खरंच चांगलं करतोय, निशा," तो म्हणाला. "मलाही वाटलं नव्हतं. तू येऊन एकदा बघ."

"चांगलं झालं," ती म्हणाली. ती मनापासून म्हणाली होती; आदिनाथ नसला तरी सिनेमा चांगला व्हावा असं तिलाही वाटत होतं, आणि ते कळल्यावर तिला ताटावर बसवेना. आईनं दोनदा हाक मारली. निशा गच्चीवर गेली आणि तिनं दार लावून घेतलं.