ढब्बूचा वाडगा आणि तळातला उडता माणूस

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीवर बसला आहात. तुम्हाला हात नाहीत, पाय नाहीत, तोंडही नाही. तुमचा सोबती तुमच्यासमोर उपाशी पडला आहे, आणि तो का जेवत नाही हे घरात फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. घरातली माणसं शेजारून ये-जा करत आहेत, हसत आहेत, भांडी लावत आहेत. एकालाही काही कळलेलं नाही, आणि तुम्हाला सांगता येत नाही.

आता डोळे उघडा. मी असे सहा दिवस काढले आहेत.

मी एक जुना वाडगा आहे. लोखंडी पत्र्याचा, वर पांढरा मुलामा दिलेला. कारखान्यात मला साच्यात दाबलं, पांढऱ्या रंगात बुडवलं आणि भट्टीत घालण्याआधी माझ्या तळाशी एक चित्र चिकटवलं. जांभळा झगा घातलेला, एक मूठ वर करून आकाशात झेपावणारा माणूस. त्या दिवशी भट्टीतून माझ्यासारखे शेकडो वाडगे निघाले आणि प्रत्येकाच्या तळाशी तो उडत होता. लहान मुलांनी जेवण संपवावं म्हणून ही युक्ती होती. वाडगा रिकामा झाल्याशिवाय तो दिसत नसे.

मला ज्या घरात आणलं तिथे एक मुलगी होती. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती एवढीशी होती आणि तिच्या हातात कायम काहीतरी खायचं असे. फक्त जेवण तिला नको असे. आई घास भरवताना म्हणायची, "लवकर लवकर, तो खाली गुदमरलाय." मग मुंगी भराभर खायची आणि तळातला झगा दिसला की टाळ्या पिटायची. माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस. चमच्याने खरवडून खरवडून उडत्या माणसाचा चेहरा पुसला गेला. उरली ती वर केलेली मूठ आणि झग्याचं टोक.

मुंगी मोठी झाली, काचेच्या ताटात जेवू लागली, आणि मी ढब्बूकडे आलो. ढब्बू म्हणजे घरातला झुपकेदार केसांचा कुत्रा. वाटलं होतं, माझी अधोगती झाली. पण खरं सांगतो, एवढ्या मनापासून मला कुणीच चाटलं नव्हतं. ढब्बूची एक सवय होती. जेवण संपलं तरी तो चाटतच राहायचा, आणि त्याच्या नाकाच्या रेट्याने मी फरशीवरून घसरत घसरत भिंतीला जाऊन आपटायचो. टण्. तो आवाज आला की मुंगी घरात कुठेही असो, तिथून ओरडायची, "आला उडता माणूस!"

आता घरातल्या मोठ्यांविषयी सांगायला हवं. ती माणसं वाईट नव्हती. पण प्रत्येकाची दोन गोष्टींवर ठाम मतं होती. एक, कुत्र्याने काय खावं, आणि दुसरी, सुपरहिरोंचे सिनेमे.

मुंगीचा दादा सकाळी प्राण्यांच्या खाण्याच्या दुकानात काम करायचा. त्याचं म्हणणं, सुके दाणेच खरे, त्यात सगळं मोजूनमापून असतं. बाबा चित्रपटगृहाच्या दारावर असत. त्यांचा विश्वास वासावर. "लोक सिनेमाला येतात ते मक्याच्या लाह्यांच्या वासाने," ते म्हणत. म्हणून त्यांना डब्यातलं, रस्सा असलेलं खाणं पसंत. आई रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात शंभर आजाऱ्यांचं जेवण करायची. तिच्या मते घरी शिजवलेलं मांस आणि गाजर सोडून बाकी सगळा कचरा.

सिनेमांचंही तसंच. दादा म्हणायचा, "आधीचे चांगले होते. आता नुसती पडझड." आई म्हणायची, "त्यांच्यात कुणी जेवताना दिसतं का कधी? अख्खी इमारत उचलायची ती रिकाम्या पोटी? आणि तो झगा धुतो कोण?" बाबांचं मत सगळ्यांत निराळं. खेळ संपायच्या आधी दारं उघडायला त्यांना आत जाऊन उभं राहावं लागे. "मी प्रत्येक सिनेमा चाळीस वेळा पाहिलाय," ते म्हणत, "पण फक्त शेवटची दहा मिनिटं. शेवटी सगळे वाचतात. उगाच जिवाला घोर लावून घ्यायचा नाही."

एकदा कुत्र्याच्या जेवणावरून या तिघांचं असं जुंपलं, की आईने पळी आपटून सांगितलं, "पुन्हा या विषयावर कुणी तोंड उघडलं तर मी स्वयंपाक करणं बंद करीन." तेव्हापासून सगळे गप्प झाले. मित्रांनो, भांडण थांबलं तेव्हा मलाही हायसं वाटलं होतं. त्या गप्प बसण्याची किंमत मला नंतर कळली.

कारण प्रत्येकाने आपलंच खरं चालू ठेवलं. सकाळी दादा दाणे घालून कामाला जायचा. दुपारी बाबा जेवायला घरी यायचे आणि डबा उघडायचे. संध्याकाळी आई आपलं शिजवलेलं वाढायची. ढब्बू तिन्ही वेळा मिटक्या मारत खायचा. त्याचं मत विचाराल तर त्याने एकदा मुंगीचं खोडरबरही खाल्लं होतं.

मग तो दिवस आला.

सकाळी दादाने दाणे घातले आणि तो घाईने निघून गेला. ढब्बूने पहिला दाणा चावला, आणि त्याचं सारं अंग थरथरलं. दाणा परत माझ्यात पडला. त्याच्याबरोबर रक्ताचा एक थेंबही पडला. कुत्र्याचं तोंड सगळे वरून किंवा समोरून बघतात. वाडगा तेवढा खालून बघतो. मी पाहिलं, डावीकडची मागची दाढ दुभंगली होती आणि तिच्याखालची हिरडी सुजून काळीनिळी पडली होती. ढब्बूने पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग तो मागे सरकला आणि पंजांवर डोकं ठेवून माझ्याकडे नुसता बघत राहिला.

दुपारी बाबा आले. दाणे तसेच पडलेले बघून गालातल्या गालात हसले. दादाला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी ते दाणे कचऱ्यात टाकले, वर कागद पसरला, मला स्वच्छ धुतलं आणि आपला डबा ओतला. रक्ताचा थेंब पाण्याबरोबर वाहून गेला. संध्याकाळी आई आली. डब्यातला रस्सा तसाच होता. "बघा, हुंगलंसुद्धा नाही," ती स्वतःशीच पुटपुटली. नवरा दुखावेल म्हणून तिने तो गुपचूप टाकला, मला घासलं आणि आपलं गरम जेवण वाढलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने आईचं जेवण टाकलं.

कळतंय ना काय झालं ते? प्रत्येकाला दुसऱ्याचं अन्न तसंच पडलेलं दिसत होतं आणि आपलं मात्र गायब झालेलं. तिघांनाही मनातून खात्री होती, की ढब्बू आपल्याच हातचं खातो. तिघेही मनातल्या मनात जिंकले होते. ढब्बू मात्र दिवसातून तीनदा उपाशी राहत होता.

एक दिवस गेला. दोन गेले. चार गेले. तो फक्त पाणी प्यायचा, तेही तोंड तिरकं करून. झुपकेदार केसांखाली त्याच्या बरगड्या वर आल्या होत्या, पण केसांनी त्या कुणाला दिसू दिल्या नाहीत. मुंगी शाळेतून यायची, त्याच्या गळ्यात पडायची. "ढब्बू म्हातारा झालाय, झोपतोच सारखा," असं तिला सांगितलं होतं, आणि तिने ते खरं मानलं होतं. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत टीव्हीवर सिनेमा लागलेला असे. इमारती कोसळण्याचा एवढा गदारोळ, की त्यात माझा टण् वाजला काय आणि न वाजला काय.

सिनेमातला तो माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला मारलेली हाक ऐकतो म्हणे. मला ते कधी खोटं वाटलं नव्हतं. त्या दिवसांत वाटू लागलं. हाक मारणाऱ्याला तो वाचवत असेल. ज्याला हाकच मारता येत नाही त्याने काय करायचं? आणि माझ्या तळातला तर अन्नाखालीच गाडलेला. तो वर यायचा म्हणजे आधी कुणीतरी जेवायला हवं होतं. मी ओरडत होतो, मित्रांनो. पत्र्याच्या कणाकणाने ओरडत होतो. पण पाठीमागून कुणी ढकलल्याशिवाय माझा आवाज निघत नाही, आणि ढकलणाऱ्यात आता ताकद राहिली नव्हती. सहाव्या दिवशी तो माझ्याजवळ आलासुद्धा नाही. आई जेवण वाढून गेली आणि त्याने फक्त शेपटीचं टोक हलवलं.

त्या दिवशी सुट्टी होती. सगळे सिनेमा बघत होते. आणि सिनेमात एक असा क्षण आला, की तो शूर माणूस खाली कोसळला आणि सगळा आवाज एकदम थांबला. घरभर शांतता पसरली.

त्या शांततेत मुंगीचा आवाज आला. "आई, ढब्बूला वाढलंस?"

"मघाशीच. खाऊनही झालं असेल."

"मग टण् कुठे वाजला?"

"वाजला असेल गं," बाबा म्हणाले. "आता बघ, तो उठेल. शेवट मला माहितीये."

"आज नाही वाजला. सकाळीही मी घरीच होते, सकाळीही नाही वाजला." मुंगी उठून स्वयंपाकघराच्या दारात आली होती. "काल कुणी ऐकला? परवा?"

दादाने टीव्ही बंद केला. "मी दाणे घालतो ते खातो ना तो," तो म्हणाला. "रोज संपलेले असतात."

बाबांनी मान खाजवली. "ते... मी टाकतो. दुपारी तसेच असतात म्हणून. तुला कशाला सांगायचं, म्हटलं. पण माझं तो चाटूनपुसून खातो."

"अहो, तुमचं मी टाकते," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. तिने दादाकडे पाहिलं. "आणि माझं?"

दादाने कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं.

आई होती तिथेच खाली बसली. शंभर आजाऱ्यांना जेवू घालणारी बाई, आणि तिच्या स्वयंपाकघरात एक जीव सहा दिवस उपाशी होता. मुंगी तोवर फरशीवर पालथी पडली होती. तिने गाल जमिनीला टेकवला, अगदी माझ्या उंचीला आली, ढब्बूचा ओठ हलकेच वर केला आणि खालून पाहिलं. मग ती म्हणाली, "बाबा, गाडी काढा."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दाढ काढली. पू निघाला, सुया दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ढब्बूला चादरीत गुंडाळून घरी आणलं, तेव्हा बाबांचा चेहरा सिनेमाच्या कुठल्याही शेवटच्या दहा मिनिटांत कुणाचा दिसत नाही असा झाला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "दुखणं काढलंय, पण अंगात काही उरलेलं नाही. आज आपणहून खाल्लं तर आशा आहे. उगाच खोटं सांगत नाही."

दादाने दाणे कोमट पाण्यात भिजवले. बाबांनी डब्यातला रस्सा ओतला. आईने शिजवलेलं मांस चुरून त्यात कालवलं. ते कुणाचं जेवण होतं, हे कुणीच बोललं नाही. माझ्यात ते जेमतेम चार चमचे होतं.

मित्रांनो, म्हणून तुम्हाला हात जोडून सांगावंसं वाटतं, पण मला हात नाहीत. नुसतं वाढून निघून जाऊ नका. ज्याला बोलता येत नाही त्याच्यापुढे अन्न ठेवलं, की घटकाभर तिथे बसा. तो खातो का, कसा खातो, ते डोळ्यांनी बघा. आणि कुणाचं मन दुखेल म्हणून खरी गोष्ट कागदाखाली झाकून ठेवू नका.

त्या दुपारी चौघेही माझ्याभोवती जमिनीवर बसले होते. टीव्ही बंद होता. ढब्बूने किती तरी वेळ नुसता वास घेतला. मग जीभ बाहेर आली. एकदा चाटलं, थांबला. डोळे मिटले. पुन्हा एकदा चाटलं. असं करत करत ऊन खिडकीतून पलीकडच्या भिंतीवर गेलं, आणि माझ्या तळाशी जांभळ्या झग्याचं टोक दिसलं. मग ती मूठ दिसली. ढब्बूने नाक माझ्या काठाला लावलं आणि रेटा दिला. मी बोटभर सरकलो. भिंत अजून वीतभर दूर होती. त्याने पुन्हा रेटलं, पण त्याचं डोकं माझ्या काठावरच टेकलं आणि तिथेच राहिलं. धाप लागली होती त्याला.

मुंगी जमिनीवर पालथी पडली आणि पुढे सरकली. एका हाताने तिने ढब्बूची हनुवटी उचलून आपल्या दुसऱ्या दंडावर टेकवली, आणि मग एक बोट माझ्या काठाला लावून उरलेली वीतभर वाट तिने मला भिंतीपर्यंत ढकललं.

टण्.