मशीन बिघडलंय

"मॅडम, मला कॉलेज सोडायचंय," मैत्रेयी म्हणाली आणि खुर्चीच्या टोकावर बसली.

मालिनीबाईंनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं. उल्हासनगरच्या त्या नर्सिंग कॉलेजात त्या शिकवायच्या आणि वर मेंटॉर म्हणून मुलींची गाऱ्हाणीही ऐकायच्या. या कामाचा वेगळा पगार नव्हता, जेवणाची सुट्टी मात्र त्यातच जायची.

"नापास झालीस म्हणून?"

"अभ्यासच होत नाय, मॅडम. घरी गेलं की बिल्डिंगमधलं कोणतरी बसलेलंच असतं. बीपी बघ, शुगर बघ, पट्टी बदल. पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. काल वॉर्डात उभ्या उभ्या झोप लागली, सिस्टर जाम ओरडल्या."

"मग नाही म्हणायचं."

"पप्पांना आवडतं ना. सगळ्यांना सांगतात, आमची मैत्रेयी सिस्टर झाली. अजून झाले कुठे?"

मालिनीबाईंना पोरीची दया आली आणि त्या बिल्डिंगचा मनापासून राग आला. "आज सांगून टाक, बीपीचं मशीन बिघडलंय. परीक्षेपर्यंत बिघडलेलंच राहू दे."

"खोटं बोलू?"

"बोल. पाप माझ्या नावावर."

मैत्रेयी पहिल्यांदाच हसली. "तुम्ही बोलता असं?"

"नेहमी," मालिनीबाई म्हणाल्या.

संध्याकाळी अंबरनाथ पूर्वेला त्या रिक्षातून उतरल्या तेव्हा पाय भरून आले होते. जिन्याच्या पायरीवर शेजारचे गुरुदत्तकाका बाही दुमडून बसले होते. फॅक्टरीतून रिटायर झालेले, काकू गेल्यापासून एकटेच. बीपी कधी वाढलेलं नसायचं, तरी त्यांच्याकडून तपासून घ्यायला रोज बसायचे.

"काका, मशीन बिघडलंय." आयुष्यात पहिल्यांदा त्या हे म्हणाल्या.

"असू दे, असू दे." काकांनी बाही खाली केली आणि मनगटाशी बटण लावायला लागले. बटण काही काजात जाईना. मालिनीबाई वर जायला निघाल्या, दोन पायऱ्या चढल्या, परत उतरल्या. पर्स खाली ठेवून त्या शेजारी टेकल्या.

"द्या हात. नाडी बघते."

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. त्यांनी डाव्या हाताने काढून मेसेज वाचला. 'सांगितलं मॅडम. सगळे गेले. पप्पा जरा रागावलेत. अभ्यासाला बसलेय. उद्या येते.'

त्यांना फार बरं वाटलं. थोडा हेवाही वाटला.

"काय म्हणते नाडी?" काकांनी विचारलं.

"थांबा, मोजताना चुकले," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या.